नांदेड ते अमृतसर : किती लांब, किती वेळ?

लातूरच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्यानं परवा विचारलं, "चाचा, नांदेडहून अमृतसर विमानानं किती तास?" घरचे दखनी शीख. आईनं सत्तरी ओलांडलेली, गुडघे कामातून गेलेले. गुरू गोविंदसिंगजींची १७०८ ची समाधिभूमी नांदेडला, घराजवळच. ती तिला पाठ आहे. हरमंदिर साहिब मात्र एकदा डोळ्यांनी पाहायचंय.

आधी अंतर. ते शाळेतल्या नकाशावरही काढता येतं. नांदेड सुमारे १९ अक्षांशावर, अमृतसर साडेएकतीसवर. फरक साडेबारा अंशांचा. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले, तर झाले जवळपास १३९०. अमृतसर थोडं पश्चिमेलाही आहे, पण तिरप्या रेषेत त्यानं वीसेक किलोमीटरच वाढतात. म्हणजे हवाई अंतर साधारण १४००. सचखंड एक्सप्रेस दोन हजारांहून जास्त धावते. जायचं असतं उत्तरेला आणि गाडी आधी पश्चिमेला मनमाड गाठते! आपल्याकडचे रूळ निजामाच्या राजवटीत तसे टाकले गेले, त्याला आता काय करणार? प्रवासाला दीड दिवस लागतो.

आता वेळ. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर जातं. भागाकार केला तर पावणेदोन तास. पण एवढ्या अंतराला वेळापत्रकात सव्वादोन-अडीच तास धरतात. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, ते पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंत. मधे धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण. आभाळातही ठरलेले रस्ते असतात, नाकासमोर जाता येत नाही. उतरायला रांग असली तर घिरट्या. वाऱ्याचंही असतं. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो. मुंबईहून कोलकात्याला जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. अमृतसरच्या वाटेवर तो कुशीला लागतो, त्यामुळे जाण्यायेण्यात फारसा फरक पडत नाही.

पण लातूरकराचा हिशेब इथं संपत नाही. अहमदपूर, लोह्यावरून नांदेडला एस.टी.नं तीन तास, विमानतळावर दोन तास आधी, उतरल्यावर सामान आणि रिक्षा. अडीच तासांच्या उड्डाणासाठी आठ-नऊ तास. तेही विमान असेल तर. एअर इंडियानं ही सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केली, पुढे ती टिकली नाही. नांदेडचं विमान कधी चालू, कधी बंद. तेव्हा त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय म्हातारं माणूस घराबाहेर काढू नये.

हे सगळं त्यानं आईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "विमानात लंगर मिळतो का?" सचखंडला परभणी, जालना, भोपाळ अशा स्थानकांवर गुरुद्वाऱ्याचे लोक फलाटावर जेवण घेऊन उभे असतात, हे तिनं ऐकलेलं. पोरानं खालचे दोन बर्थ काढलेत.