ड्रायव्हर नसलेला डंपर चालवतो कोण?

पर्थच्या विमानतळावर पहाटे गेला असाल, तर चमकत्या पट्ट्यांचे नारिंगी-पिवळे शर्ट घातलेल्या लोकांची रांग तुम्ही नक्की पाहिली असेल. ही माणसं उत्तरेला पिलबारात, लोहखनिजाच्या खाणींवर निघालेली असतात. आपल्यातल्या काही घरांतही हे जाण्यायेण्याचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलेलं आहे. पण त्याच विमानतळाजवळ एक इमारत अशी आहे, की तिथले लोक शिफ्ट संपली की आपापल्या घरी जेवायला जातात, आणि तरी दिवसभर काम पिलबारातच करतात. हे रिओ टिंटो कंपनीचं नियंत्रण केंद्र. ते २०१० साली सुरू झालं. खाणी तिथून साधारण १,५०० किलोमीटर दूर.

हे सगळं मी फोनवर मामांना सांगत होतो. मामांनी चंद्रपूरच्या ओपनकास्ट कोळसा खाणीत तीस वर्षं डंपर चालवला. इकडच्या डंपरांमध्ये ड्रायव्हरच नसतो म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मंग चालवते कोण?"

प्रश्न सरळ आहे, पण उत्तर तितकं सरळ नाही. पर्थमध्ये कोणी स्टिअरिंग धरून व्हिडिओ गेमसारखा डंपर चालवत नाही. आधी आकार लक्षात घ्या. मामांचा डंपर ८५ टनी होता. पिलबारात धावणारा कोमात्सुचा ९३०ई एका खेपेला सुमारे २९० टन माल उचलतो. असे विनाचालक डंपर नेहमीच्या कामाला प्रथम लागले ते चिलीतल्या गॅब्रिएला मिस्ट्राल या तांब्याच्या खाणीत, २००८ साली. त्याच वर्षाच्या अखेरीस पिलबारातल्या वेस्ट एंजेलास खाणीत त्यांची चाचणी सुरू झाली.

प्रत्येक डंपरवर अगदी बारकाईने जागा सांगणारं जीपीएस असतं, पुढचा अडथळा ओळखायला रडार आणि लेझर असतात. पण डंपर स्वतःच्या बुद्धीने रस्ता शोधत नाही. खाणीचा एक डिजिटल नकाशा असतो. कोणता रस्ता, किती वेग, कुठे भरायचं, कुठे ओतायचं, हे त्या नकाशावर ठरतं. मध्यवर्ती प्रणाली प्रत्येक डंपरला पुढच्या तुकड्याची परवानगी देते आणि तेवढाच रस्ता त्याचा. बाकी बहुतेक वाहनं, जसे ग्रेडर, सुपरवायझरची जीप, माणसंच चालवतात. त्यांच्यावरही यंत्र बसवलेलं असतं, म्हणजे तीही त्याच नकाशावर दिसतात. वायरलेस जाळ्याशी संपर्क तुटला, तर डंपर जागच्या जागी थांबतो.

एक गंमत सांगतो. माणूस दर खेपेला थोडा इकडेतिकडे चालवतो. हे डंपर मात्र इतके अचूक, की प्रत्येक जण आधीच्याच चाकोरीवरून जायचा आणि रस्त्यात खोल चर पडायचे. मग त्यांना मुद्दाम थोडं सरकून चालायला शिकवावं लागलं. मामांना हे फार आवडलं.

आता कमी गमतीची गोष्ट. २०१४ साली पिलबारातल्या एका खाणीत विनाचालक डंपर आणि धुळीवर पाणी मारणारा टँकर यांची टक्कर झाली. टँकरवर माणूस होता. डंपर कुठे वळणार हे त्याला ठाऊक नव्हतं. डंपरला टँकर दिसला, त्याने ब्रेकही लावला, पण तोवर उशीर झाला होता. ड्रायव्हर किरकोळ जखमेवर बचावला. सरकारी खाण विभागाने या अपघातावर अहवाल काढला. त्यात भर होता तो नकाशावर रस्ते कसे आखले-बदलले जातात आणि ते माणसांपर्यंत कसं पोहोचतं, यावर. मी आयटीतला माणूस, म्हणून मला हे फार ओळखीचं वाटतं. सॉफ्टवेअरमध्ये बदल केला आणि ज्याला कळवायचं त्याला कळवलंच नाही, हे आमच्याकडे दर आठवड्याला घडतं. आमच्याकडे फार तर एखादं पान उघडत नाही. तिथे शेकडो टनांचं वाहन चुकीच्या क्षणी वळतं.

मग कंपन्या हे का करतात? रिओ टिंटोच्या सांगण्याप्रमाणे २०१७ मध्ये त्यांचा एकेक विनाचालक डंपर साध्या डंपरपेक्षा सरासरी सुमारे ७०० तास जास्त चालला, आणि भरण्या-वाहण्याचा खर्च साधारण १५ टक्क्यांनी कमी झाला. ७०० तास म्हणजे दिवसाला जवळपास दोन तास. जेवणाची सुट्टी नाही, शिफ्ट बदलताना डंपर उभा राहत नाही. २०१८ च्या जुलैत तर २८,००० टन खनिज घेऊन एक रेल्वेगाडी ड्रायव्हरशिवाय २८० किलोमीटर गेली. एमबीएच्या वर्गात असा आकडा आला की सगळे माना डोलावतात. पण त्या १५ टक्क्यांत मामांसारख्यांचा पगारही आहे, हे त्या स्लाइडवर लिहिलेलं नसतं. एक डंपर रात्रंदिवस चालवायला आळीपाळीने चार-पाच ड्रायव्हर लागायचे. आता नियंत्रण कक्षातला एक जण अनेक डंपरांवर लक्ष ठेवतो. काही ड्रायव्हर तिथे गेले, सगळे जाऊ शकत नाहीत.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, मग मुलांनी काय शिकावं? मी फक्त कोडिंग म्हणणार नाही. नकाशा रोज बदलतो, म्हणून सर्व्हेअर लागतो. खाण सरकते तसं वायरलेसही सरकवावं लागतं, म्हणून नेटवर्कवाला लागतो. सेन्सरवर लाल धूळ बसते, वायर तुटते, म्हणून वाहनांचा इलेक्ट्रिशियन लागतो. इथल्या साउथ मेट्रोपॉलिटन टेफमध्ये स्वयंचलित कामाचा सर्टिफिकेट कोर्सही निघाला आहे. इंजिनिअरिंगच हवं असा हट्ट असलेल्या घरांनी तो एकदा बघावा.

फोन ठेवताना मामांनी शेवटचं विचारलं, "अन् टायर गेला तं?" मी सांगितलं, टायरमधली हवा आणि उष्णता सेन्सर मोजतो, नियंत्रण कक्षात इशारा येतो, डंपर थांबवला जातो, नकाशावर तो भाग बंद करतात. मग टायर बदलणारी गाडी घेऊन माणसं तिथे जातात. दोन पुरुष उंचीचा तो टायर.

"म्हंजे उन्हात मानूसच जाते," मामा म्हणाले.