दोन पत्र्यांमधली फट

संपादकांना साठच्या दशकातल्या अमेरिकी मसल कारवर लेख हवा होता. मोठं इंजिन, दोनच दरवाजे, लांबलचक बॉनेट, कानठळ्या बसवणारा आवाज. जुनी छायाचित्रं चाळताना माझी नजर मात्र भलतीकडेच अडकली. ज्या गाड्यांना कारखान्यातून निघाल्यावर कुणी हात लावलेला नाही, अशा गाड्यांचे दरवाजे पाहत होतो. दरवाजा आणि पुढचं मडगार्ड यांच्यामधली फट वर रुंद, खाली चिंचोळी. डाव्या बाजूला एक माप, उजवीकडे दुसरंच. बॉनेटचा एक कोपरा किंचित उचललेला. ज्या देशानं जगाला असेंब्ली लाइन शिकवली, तिथल्या गाडीत दोन पत्रे एका रेषेत का बसू नयेत? हा प्रश्न पुस्तकाऐवजी पत्रा ठोकणाऱ्या माणसाला विचारावा असं वाटलं आणि कडेगाव गाठलं.

कराडहून विट्याकडे जाताना गुहागर-विजापूर महामार्गावर कडेगाव लागतं. उसाचा पट्टा असल्यामुळे रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ, आणि त्यांच्या आधारानं जगणारी गॅरेजेस. त्यातल्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये एक प्रीमियर पद्मिनी आणि एक जुनी महिंद्रा जीप शेजारी शेजारी उभ्या होत्या. माझ्या प्रश्नासाठी याहून चांगली जोडी मिळाली नसती.

अमेरिकी पत्रा आणि मुंबईतल्या कामगाराचा हात यांचं नातं जुनं आहे. जनरल मोटर्सनं १९२८मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या. फियाट नंतर आली आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. महिंद्राची विलीज जीप १९४९मध्ये माझगावात जोडली गेली. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि ते एकमेकांना जुळवणं हे इथल्या माणसांचं काम असायचं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, पण खासगी मालकांच्या पद्मिनी अजून अशा शेडमध्ये येतात.

शेडच्या मिस्त्रींना मी माझ्या फोनमधला एका जुन्या शेव्हेलचा फोटो दाखवला. शेव्हेल म्हणजे शेव्हरोलेची मसल कार. त्यांनी ती गाडी पूर्वी पाहिलेली नव्हती. फट पाहून ते लगेच काही बोलले नाहीत. दरवाजाची मागची बाजू दिसेल असा फोटो आहे का, एवढंच विचारलं. तो प्रश्न का विचारला, हे समजायला मला अर्धा दिवस लागला, आणि माझ्या मते या विषयाचा सगळा गाभा त्यातच आहे.

पुढची फट वर रुंद आणि खाली चिंचोळी होण्याची कारणं मुख्यतः दोन. पहिलं कारण बिजागरी. मसल कारला दोनच दरवाजे, मागच्या सीटवर जाणाऱ्यालाही त्यातूनच वाट द्यायची, म्हणून दरवाजा चांगला चार फूट लांब. त्यात जाड काच, काच खालीवर करणारी यंत्रणा आणि कुलूप यांचं वजन. हे सगळं तोललं जातं फूट-सव्वा फूट अंतरावरच्या दोन बिजागऱ्यांवर. वरच्या बिजागरीची पिन आणि बुश मिळून एक मिलिमीटर झिजले, तर दरवाजाचं मागचं टोक तीन-चार मिलिमीटर खाली येतं. मिस्त्रींनी पद्मिनीचा दरवाजा उघडला, टोकाला तळहात लावून हलकेच वर उचलला, आणि बिजागरीत पिन हलल्याचा बारीक आवाज झाला. झीज किती हे त्यांना त्या आवाजावरूनच कळलं. गेज त्यांनी लावलं ते मला दाखवण्यासाठी.

दुसरं कारण दरवाजात नसतंच. शेव्हेल, जीटीओ या गाड्यांना ट्रकसारखी खाली वेगळी चासी आणि तिच्यावर रबराच्या पॅकिंगवर टेकवलेली बॉडी. कॅमेरोला पुढच्या भागात बोल्टनं जोडलेली वेगळी उपचासी. पन्नास वर्षांत रबर चेपलं, रेडिएटरखालचं पॅकिंग बसलं, की गाडीचं नाक खाली जातं. मडगार्डची वरची मागची कड पुढे सरकते आणि दरवाजापाशी फट रुंदावते. लक्षण तेच, रोग वेगळा. म्हणून मागची फट पाहायची. दरवाजा लोंबला असेल तर मागे उलटं दिसतं, वर चिंचोळं आणि खाली रुंद. मागची फट सरळ असेल तर दरवाजा निर्दोष आहे, त्याला हात लावायचा नाही, गाडीखाली शिरायचं. मला हे निदान फार सुंदर वाटलं. शेजारच्या जीपवर त्यांनी ते दाखवलंही. तिचं बॉनेट वाकडं बसत होतं आणि बॉनेट ठोकण्याऐवजी त्यांनी बॉडी आणि चासीमधलं कुजलेलं पॅकिंग बदलायला काढलं होतं.

पण कारखान्यातून नवी निघालेली गाडीही वाकडी का? मस्टँग एप्रिल १९६४मध्ये आली आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांवर खपली. डॉजनं १९६८च्या चार्जरसाठी पस्तीस हजारांचा अंदाज बांधला होता, गाड्या गेल्या शहाण्णव हजार. अशा वेळी लाइन थांबवून फट कोण मोजत बसणार? पत्रा डायमधून सुटला की थोडा परत उलगडतो, डाय झिजत जाते, प्रत्येक भागाला थोडी सूट दिलेली असते आणि त्या सुटी एकावर एक चढत जातात. बॉडी एकीकडे तयार व्हायची, पुढचं नाक दुसरीकडे, आणि लाइनवरचा कामगार लांबट भोकांतले बोल्ट सैल करून, खाली वायसर सरकवून, दरवाजा गुडघ्यानं रेटून ते जुळवायचा. तोवर पुढची गाडी समोर यायची. गिऱ्हाइकालाही त्याचं काही वाटायचं नाही, त्याला इंजिन हवं होतं. मापाचा हट्ट पुढे जपान्यांनी धरला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लेक्ससनं बॉडीच्या फटीवरून एक पोलादी गोळी घरंगळत नेऊन दाखवली.

आज त्या गाड्या पुन्हा बांधायला निघालेल्यांना क्रम पाळावा लागतो. जो भाग जागचा हलत नाही तिथून सुरुवात. दरवाजामागचा पत्रा, म्हणजे क्वार्टर, वेल्ड केलेला, म्हणून दरवाजा आधी त्याच्याशी जुळवायचा, मग दरवाजाशी मडगार्ड, सगळ्यात शेवटी बॉनेट. कडेगावच्या माणसाला क्रमाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मोहरमचे इथले गगनचुंबी ताबूत कळसापासून सुरू करून एकेक अष्टकोनी मजला खाली जोडत बांधले जातात, आणि हे काम हिंदू-मुसलमान मिळून करतात.

क्रम कळला तरी काम सोपं होत नाही, आणि खरी काळजी इथूनच सुरू होते. गाडी जॅकवर असताना फटी जुळवल्या तर चाकांवर उतरवल्यावर त्या बदलतात. इंजिन काढलेलं असेल तर नाक हलकं होऊन वर येतं, म्हणून सगळं वजन चढवून, चाकं जमिनीवर टेकवूनच माप घ्यायचं. दरवाजा काच आणि कुलपासकट टांगायचा, नाहीतर काच बसवल्यावर तो पुन्हा खाली येतो. रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात, त्यांच्यासाठी आधीच जागा सोडायची. दरवाजाखालचा सिल गंजून गेला असेल आणि आधार न देता तो कापला, तर बॉडी मधोमध बसते. मग कुठलीच बिजागरी तिला सरळ करू शकत नाही. नव्यानं बनवलेली मडगार्डं बाजारात मिळतात, पण ती मूळ डायची नसतात. त्यांची कड कुठे ठोकून आत घ्यायची, कुठे वेल्डिंगचा थर देऊन घासायची, हे हातालाच कळतं. हे काम टाळणारे सरळ लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. वर्षभर फट देखणी दिसते, मग दरवाजा आपटताच कडेचा तुकडा निखळतो.

आणि हात कमी होत चालले आहेत. आजच्या गाडीचं मडगार्ड चेपलं की नवं बसवतात, बंपर प्लास्टिकचा. मिस्त्रींकडे शिकायला आलेली पोरं रंगाच्या कामावर थांबतात, डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडी हातात धरायला फारसं कुणी राजी नसतं. विमा कंपनी पार्टचे पैसे देते, दोन दिवस बसून कड सरळ केल्याचे देत नाही. याची मला मनापासून चिंता वाटते, कारण बिजागरीचा आवाज ओळखणं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

उलट टोकाची अडचणही आहे. हौशी मालक आता सगळीकडे चार मिलिमीटर फट मागतात, जी कारखान्यानं कधी दिलीच नव्हती. कॉर्व्हेटच्या मालकांची एनसीआरएस ही संस्था १९७४पासून आहे. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी हवी, असा तिचा दंडक आहे, आणि जास्तीच्या सफाईचे तिथे गुण कापले जातात. मला तो पटतो. झिजलेली पिन बदलावी, चेपलेलं रबर बदलावं, पण कामगारानं जी सोय लावून गाडी पुढे ढकलली ती पुसू नये. जुन्या कॉर्व्हेटच्या चासीवर कुठल्या बोल्टखाली किती वायसर घालायचे याचे आकडे कामगारानं हातानं लिहिलेले सापडतात. डावीकडचे आणि उजवीकडचे जुळतीलच असं नाही, आणि एका गाडीचे दुसरीला लागू पडत नाहीत. गंज काढताना वायर ब्रश पहिल्यांदा फिरतो तो याच जागांवर, म्हणून ब्रश हातात घेण्याआधी ते आकडे टिपून घ्यावे लागतात. कडेगावच्या शेडमध्ये जीपचे वायसर जागेप्रमाणे तारेत ओवून ठेवले होते, प्रत्येक तारेला चिठ्ठी होती, आणि नवं पॅकिंग येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असं पोरांना बजावलेलं होतं.