पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि ‘शेक’ : मध्येच सोडायचा नाही असा उपचार

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ते, व्याज सगळं मोकळेपणानं बोलतो. पण पाळी बंद होऊन दोन-चार वर्षं झाली आणि पुन्हा रक्त जायला लागलं, संबंधानंतर डाग दिसला, घाण वासाचं पाणी जातंय, हे कुणी काढत नाही. ‘उष्णतेनं होतंय’ म्हणून महिने जातात. ही लक्षणं गर्भाशयाच्या मुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची असू शकतात. दरवेळी कॅन्सरच असेल असं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. रक्त जातंय म्हणून थेट ‘पिशवी काढून टाका’ असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, ‘तोंडाची तपासणी झाली का? तुकडा काढून तपासला का?’ आत कॅन्सर असताना साधं पिशवीचं ऑपरेशन झालं, तर पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. आपल्या मराठवाड्यात पिशव्या काढायची घाई किती होते, हे तुम्हाला सांगायला नको.

आजार अगदी लहान असेल तर ऑपरेशननं भागतं. गाठ मोठी असेल किंवा बाजूला पसरली असेल, तर किरणोपचार हाच मुख्य इलाज. यालाच बाया ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. अशा वेळी ‘ऑपरेशन केलं नाही, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’ असं घरच्यांना वाटतं. ते खरं नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं 635 बायकांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी केमो आणि मग ऑपरेशन केलेल्या बायकांपैकी पाच वर्षांनी शंभरात सुमारे 69 जणी आजाराशिवाय होत्या. शेक आणि सोबत केमो घेतलेल्यांमध्ये हा आकडा सुमारे 77 होता.

उपचार दोन भागांत होतो. आधी बाहेरून शेक, आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे. मशीनखाली काही मिनिटं पडून राहायचं, दुखत नाही. सोबत आठवड्यातून एकदा सलाइनमधून केमोचं औषध. नंतर आतून शेक. योनीमार्गातून नळी बसवतात, मशीनमधला किरणांचा स्रोत काही मिनिटं आत जातो आणि परत बाहेर येतो. भूल किंवा गुंगीचं औषध देतात. हे तीन-चार वेळा करावं लागतं.

घोळ होतो तो इथेच. पाच आठवडे झाले, रक्त थांबलं, बरं वाटायला लागलं, की बाई कापूस वेचायला गावी येते आणि आतला शेक राहून जातो. अर्धी खुरपणी करून सोडलेल्या वावरात तण पुन्हा माजतं, तसंच हे. सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हायला हवं. उशीर झाला की आजार पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो.

आता भीतीचं. बाहेरून शेक घेतलेल्या बाईच्या अंगात किरण उरत नाहीत. नातवंडाला खुशाल मांडीवर घ्या, ताट-वाटी वेगळी करू नका. ओटीपोटाच्या शेकानं डोक्याचे केस जात नाहीत. जुलाब, लघवीला जळजळ, थकवा हे मात्र होतं, डॉक्टरांना सांगितलं की औषध मिळतं. रक्त कमी असेल तर शेकाचा परिणाम कमी होतो, म्हणून हिमोग्लोबिन वाढवायला, गरज पडली तर रक्त चढवायला नाही म्हणू नका. पाळी कायमची बंद होते, मूल राहत नाही, हे तरुण बाईनं आधीच विचारून घ्यावं. नंतर योनीमार्ग आकसतो, त्यासाठी काय करायचं ते सिस्टरला विचारायला लाजू नका.

आपल्याकडे हा उपचार सरकारी आहे. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ घाटीशी जोडलेलं शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 पासून सुरू आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, आरोग्यमित्राला आधी भेटा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे.

उपचार लवकर मिळायचा तर तपासणी लवकर व्हायला हवी. आपल्या शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या लाखावर बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची तपासणी फक्त एकदा केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिशी ओलांडलेल्या ताईंनी आशाताईला विचारून जवळच्या आरोग्य केंद्रातल्या तपासणीचा दिवस ठरवावा, चार-पाच जणी मिळून गेलं की संकोचही वाटत नाही.

गटातल्या कुणाचा शेक सुरू असेल तर ते दोन महिने तिचा हप्ता पुढे ढकलायचा ठराव बैठकीत घ्या आणि वहीत लिहा. सोबत जायला पाळ्या लावा. आतल्या शेकाच्या तारखा तिच्या फाइलवरून उतरवून सचिव ताईंकडे ठेवा.