घोड्याचे तोंड आणि स्वाराचा हात

घोडा विकत घेताना आपण त्याची चाल, खूर आणि दात बारकाईने पाहतो; खोगीरही पारखून घेतो. पण लगामाचा जो धातूचा भाग प्रत्यक्ष त्याच्या तोंडात राहावयाचा, ते कडियाळे मात्र बाजारात मिळेल ते उचलतो. वास्तविक स्वाराच्या हाताचा इशारा घोड्यापर्यंत पोहोचतो तो याच कडियाळ्यामार्फत. तेव्हा आपण घोडा बाळगीत असाल, किंवा मुलांना घोडेस्वारी शिकवू इच्छीत असाल, तर त्याची निवड समजून घेणे अगत्याचे आहे.

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीचा मोकळा पट्टा असतो. कडियाळे बसते ते तेथे. त्या जागी हाडावर केवळ पातळ आवरण असल्यामुळे थोडासा दाबही तत्काळ जाणवतो.

कडियाळ्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिले साधे, दोन्ही बाजूंस कड्या असलेले. त्याला स्नॅफल म्हणतात. त्यात हाताचा जोर जसाच्या तसा तोंडावर येतो. दुसरे कर्ब. त्याला खाली दांड्या आणि हनुवटीखालून साखळी असते; तरफेच्या नियमाने हाताचा थोडा जोर अनेक पटींनी वाढतो. म्हणून शिकाऊ स्वाराने आणि नवशिक्या घोड्याने स्नॅफलनेच आरंभ करावा.

माप घेण्यास एक दोरी पुरे. ती तोंडात धरून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खुणा कराव्यात. कडियाळे त्याहून सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर रुंद असावे. अरुंद असेल तर ओठ चिमटतात. फार रुंद असेल तर ते इकडेतिकडे सरकते, आणि मधला सांधा टाळूला टोचू शकतो. ते बसविल्यावर ओठांच्या कोपऱ्यांशी एखाददुसरी सुरकुती पडावी. जाड कडियाळे सौम्य असते, हा समज सर्वस्वी खरा नव्हे. लहान तोंडाच्या, जाड जिभेच्या घोड्याला ते अडचणीचेच होते. गंजलेले किंवा कडा झिजलेले कडियाळे तर मुळीच वापरू नये.

खरी चूक घडते ती पुढेच. घोडा मान झटकू लागला, तोंड उघडू लागला, किंवा लगाम न जुमानता धावू लागला, की मालक अधिक कडक कडियाळे आणतो. परंतु वेदनेपासून पळणे हा घोड्याचा स्वभावधर्म आहे. तोंड जितके दुखेल तितका तो अधिक पळेल, आणि पाठीवरचे मूल धोक्यात येईल. अशा वेळी प्रथम पशुवैद्याकडून दात तपासून घ्यावेत. दाढांना धारदार कडा आलेल्या असतात, किंवा पहिल्या दाढेपुढे उगवलेला लहानसा दात कडियाळ्याला लागत असतो. नंतर खोगीर पाहावे. आणि शेवटी स्वाराने आपला हात तपासावा.

आपल्याकडे काटेरी कडियाळ्यांची जुनी रीत होती. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधीच्या 1965 च्या नियमांनी काटेरी कडियाळ्याचा वापर निषिद्ध केला. तरीही कोठे अशा लगामाचा घोडा भाड्याने मिळाला, तर मुलाला त्यावर बसवू नका, आणि नकाराचे कारण मालकाला सांगा.

सौम्य कडियाळेही कठोर हातात शस्त्र बनते. लगाम ही तोल सावरण्याची दोरी नव्हे. मांड पक्की होईपर्यंत मुलाला खोगिराची पुढची बाजू धरू द्यावी. लगाम हाती द्यावा तो त्यानंतर.