तोंडातले यीस्ट आणि रक्ताचा गट

एका खेडेगावच्या शाळेत मुलांचे रक्तगट तपासले गेले. गुरुजींनी हौसेने प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा गट लिहून यादी वर्गाच्या भिंतीवर लावली. हेतू चांगलाच होता. पण पुढच्या आठवड्यात कोणीतरी एक कात्रण घेऊन आले. ‘ओ’ गटाच्या माणसांच्या तोंडात एक प्रकारची बुरशी जास्त आढळते, असे त्यात छापले होते. झाले! ‘ओ’ गटाच्या पोरांच्या डब्यातले कोणी खाईना. एक मुलगी तर दोन दिवस पाण्याच्या माठाकडे फिरकली नाही. गुरुजी मला विचारू लागले, “सर, यात कितपत तथ्य आहे हो?”

मी काही डॉक्टर नव्हे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पण हा प्रश्न निम्मा वैद्यकाचा आणि निम्मा हिशेबाचा आहे, म्हणून त्यावर चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

आधी ही बुरशी म्हणजे काय ते पाहू. पाव फुगवणारे आणि ताडीला फेस आणणारे यीस्ट आपल्याला ठाऊक आहे. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाच्या पिठात माडाची सूर घालीत, ती याच यीस्टसाठी. (दह्याचे विरजण मात्र वेगळे, ते जिवाणूंचे काम.) आपल्या तोंडात राहणारे यीस्ट हे त्याच मोठ्या कुळातले, पण जात निराळी. तिचे नाव कँडिडा अल्बिकन्स. दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिन भाषेतला पांढरा रंग आहे. तिच्या पेशी इतक्या बारीक असतात की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. चांगल्या धडधाकट माणसांची तोंडे तपासली तर, पाहणीगणिक आकडा बदलतो खरा, पण साधारण शंभरातल्या तीस ते पन्नास जणांच्या तोंडात ती सापडते. त्यांना ताप नसतो, दुखणे नसते. आपल्या जिभेवर कोणी बिऱ्हाड केले आहे याचा त्यांना पत्ताही नसतो. तेव्हा बुरशीवाल्यांना टाळायचे म्हटले तर निदान तिसरा हिस्सा गाव टाळावे लागेल, आणि टाळणारा स्वतः त्यात नसेल याची खात्री कोणी द्यावी?

आता रक्ताचा गट. व्हिएन्नाचे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०० ते १९०१ या काळात हे गट शोधून काढले आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गट म्हणजे काय, तर तांबड्या पेशींच्या अंगावर असलेल्या साखरेच्या लहान लहान साखळ्या. पायाभूत साखळीला ‘एच’ म्हणतात. तिच्या टोकाला फ्यूकोज नावाची एक साखर असते. ‘ए’ गटाच्या माणसात या टोकाशी आणखी एक मणी ओवला जातो, ‘बी’ गटात दुसरा, ‘एबी’त दोन्ही प्रकार असतात. ‘ओ’ गटात काहीच ओवले जात नाही. टोक उघडे राहते.

या साखळ्या रक्तापुरत्याच असतात असे नाही. बहुतेक माणसांच्या, ढोबळमानाने पाचांपैकी चौघांच्या, लाळेतही त्या विरघळलेल्या असतात. अशांना स्रावी म्हणतात. उरलेले ते अस्रावी. हा गुण आईबापांकडून येतो आणि तो ए, बी, ओ या गटांपासून स्वतंत्र असतो.

इथे मुंबईची एक हकीकत सांगायलाच हवी. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माणसांची नोंद केली की ज्यांच्या रक्तात ती पायाची ‘एच’ साखळीच नव्हती. जगभर हा गट ‘बॉम्बे’ या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा निघतो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ म्हणूनच दिसतो, पण त्याला ‘ओ’चे रक्त चालत नाही. त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते. शाळेतल्या यादीचा उपयोग किती आणि मर्यादा कोठे, हे गुरुजींनी यावरून ध्यानात घ्यावे. भिंतीवरचा कागद पाहून कोणी रक्त चढवीत नाही; रक्तपेढीत दरवेळी नव्याने जुळवून पाहावेच लागते.

बरे, कात्रणातली गोष्ट खोटी होती का? नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरोगी माणसांची तोंडे, त्यांचे रक्तगट आणि त्यांची लाळ अशी तिन्ही तपासली होती. ‘ओ’ गटाच्या लोकांत हे यीस्ट अधिक जणांच्या तोंडी सापडले. अस्रावी लोकांतही ते अधिक जणांकडे सापडले. हा फरक निव्वळ योगायोगाचा असण्याचा संभव विसात एकाहून कमी, असा हिशेब निघाला.

विसात एक! हे शब्द ऐकून माणूस दबतो. शिक्षक मंडळींनी एक प्रयोग करून पाहावा. वर्गातल्या तीस मुलांना एकेक नाणे द्या आणि प्रत्येकाला शंभर वेळा उडवायला सांगा. नाणे सरळ असले तरी बरोबर पन्नास छापे फार थोड्यांना पडतील. साठाहून अधिक किंवा चाळिसाहून कमी छापे पडणे ही गोष्ट शंभरात तीनचारदाच घडते; म्हणजे विसात एकाहून कमीच. तरीही तीस मुलांत असा एखादा आकडा निघावा अशीच अपेक्षा असते. त्या मुलाचे नाणे खोटे का? मुळीच नाही. म्हणून एका पाहणीवर शास्त्रज्ञ थांबत नाहीत. पुढे इतरांनीही तपासण्या केल्या, आणि सगळ्यांची उत्तरे काही एक आली नाहीत.

आणि समजा, फरक अगदी खरा आहे. केवळ कल्पनेसाठी आकडे घेऊ; ते कोणत्या पाहणीतले नव्हेत. ‘ओ’ गटाच्या शंभरांपैकी पंचेचाळिसांच्या तोंडात यीस्ट आहे आणि इतरांच्या शंभरांपैकी पस्तिसांच्या. मग त्या माठाकडे न गेलेल्या मुलीविषयी आपल्याला काय कळले? तिच्या तोंडात यीस्ट नसण्याचाच संभव अधिक, एवढेच! समूहाचा आकडा समूहाचाच असतो. एकट्या माणसाच्या कपाळी तो चिकटवता येत नाही. पाण्याच्या भांड्यावरून माणसे वेगळी काढण्याची आपली खोड जुनी आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला, तो काही उगाच नव्हे. ती खोड आता शास्त्राचे नाव घेऊन परत येऊ लागली तर आपण डोळे उघडे ठेवायला हवेत.

फरक का पडत असावा, याचा एक तर्क मात्र ऐकण्यासारखा आहे. तोंडात टिकायचे तर यीस्टला कशाला तरी धरून राहावे लागते. नाहीतर लाळेबरोबर ते पोटात जाते. त्याच्या काही वाणांना फ्यूकोजचे ते टोक धरता येते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ‘ओ’ गटात टोक उघडे, म्हणून पकड सोपी. स्रावी माणसाच्या लाळेत त्याच साखळ्या मोकळ्या तरंगत असतात. यीस्ट त्यांनाच धरून बसते आणि घोटाबरोबर वाहून जाते. तर्क सुरेख आहे, पण एक गोम आहे. अस्रावी माणसाच्या गालाच्या आतल्या त्वचेवरही ‘एच’ कमीच असणार. मग यीस्ट तिथे धरते कशाला? दुसऱ्या एका, ल्यूइस नावाच्या साखळीकडे काहींनी बोट दाखवले आहे. हा गुंता पुरता सुटलेला नाही.

हेच यीस्ट माजले तर मात्र दुखणे होते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर आणि गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर दिसतात. दुधाचा थर ओल्या फडक्याने सहज निघतो. हा सहज निघत नाही, आणि निघालाच तर खाली लालबुंद दिसते. अशा वेळी आईच्या दुधाला दोष देऊ नये, अंगावर पाजणेही बंद करू नये. डॉक्टरांना दाखवावे, औषध साधे असते. न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेतल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन बाईंनी १९५० साली जगापुढे आणलेले निस्टॅटिन अजूनही चालते. त्या राज्यावरूनच त्याचे नाव पडले.

मोठ्यांमध्ये ज्यांना मधुमेह आहे आणि साखर आटोक्यात नाही, जे कवळी रात्रीही तोंडातच ठेवून झोपतात, ज्यांना बरेच दिवस जंतुनाशक गोळ्या घ्याव्या लागल्या आहेत, जे दम्यासाठी स्टिरॉइडचा फवारा ओढतात आणि नंतर चूळ भरत नाहीत, त्यांनी जपावे. आजोबांची कवळी रात्री काढून, घासून, पाण्याच्या वाटीत ठेवली तर जो फरक पडेल, तो त्यांचा रक्तगट जाणून पडणार नाही.

त्या शाळेतली यादी आता हेडमास्तरांच्या कपाटात आहे. गुरुजींनी नाण्याचा प्रयोग वर्गात केला. पासष्ट छापे पडले ते नेमके त्या कात्रणवाल्याच्या मुलाला, आणि पोरे त्याला दिवसभर “तुझे नाणे खोटे” म्हणून चिडवत होती.