पुढे पाठवण्याआधी

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. 13 जुलैला बीदर जिल्ह्यातील मुर्कीत आणखी एक बळी गेला. निमित्त, शाळकरी मुलांना चॉकलेट दिल्याचे! दोन्हीकडे अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. 2020 मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातही अशाच अफवेतून एकाचा जीव गेला.

केरळच्या कन्नूर जिल्ह्याने 2018 मध्येच सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे धडे दिले. सीमाभागात ती गरज दुप्पट आहे. कानडी निरोप मराठीत येतो, तो आपल्यासारख्या दुभाषी घरांतूनच. म्हणून मुलांना शाळेत आणि घरीही दोन्ही भाषांत विचारायला शिकवूया : कोणी पाहिले, कुठे, कधी? यारु, एल्लि, यावाग? उत्तर नसेल तर निरोप आपल्यापाशीच थांबावा.