सुतासारखा सरळ कोण येतो?

वयात आलेलं पोर शाळा बुडवायला लागलं, उलट बोलायला लागलं, नाक्यावर सिगारेट ओढताना दिसलं, की सल्ल्यांना तोटा नसतो. ‘एकदा चौकीत नेऊन बसवा, सुतासारखा सरळ येईल,’ हा त्यातला हमखास सल्ला.

अमेरिकेत हे करून झालंय. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात वाट चुकलेल्या मुलांना नेत आणि जन्मठेपेचे कैदी त्यांच्यावर ओरडून, आतलं जिणं वर्णन करून त्यांना घाबरवत. ‘स्केअर्ड स्ट्रेट’ हा त्यावरचा १९७८ चा माहितीपट ऑस्कर घेऊन गेला आणि असे कार्यक्रम ठिकठिकाणी निघाले. पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा ९ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. तुरुंग पाहून आलेली मुलं, न गेलेल्या तशाच मुलांपेक्षा गुन्ह्यांकडे जास्त वळली होती. नुसता निरुपयोगी नव्हे, उलटा पडलेला उपाय!

‘मग बोर्डिंगला टाका.’ बोर्डिंग चांगलंही असतं. पण ‘सुधारण्यासाठी’ बिघडलेलीच मुलं एकत्र ठेवली, तर ती एकमेकांकडूनच शिकतात. थॉमस डिशन या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या गप्पा टिपल्या. नियम मोडल्याच्या किश्श्याला मित्रांची हशा-टाळी मिळाली, की तसं वागणं वाढत होतं. बक्षीस म्हणून तेवढं पुरतं.

खरं काम घरात असतं, आणि ते फारच कंटाळवाणं असतं. ताट वाढलंय, आई म्हणते, “फोन ठेव.” “ठेवतो गं.” तिसऱ्यांदा आवाज चढतो, पोरगा ताट सरकवतो, दार आपटतो. “बरं बाबा, घे, पण जेव आधी.” घर शांत. आरडाओरडा केला की फोन मिळतो, हे मुलगा शिकला. माघार घेतली की शांतता मिळते, हे आई शिकली. उद्या बाबा थोबाडीत देतील, तीही तेवढ्यापुरती लागू पडेल, म्हणून परवाही दिली जाईल. ओरेगॉनमध्ये जेरल्ड पॅटरसन यांनी घरांमधली हीच साखळी वर्षानुवर्षं न्याहाळली आणि ती तोडायचं शिक्षण पालकांना द्यायला सुरुवात केली: सूचना एकदाच, साध्या आवाजात, शिक्षा लहान, आधी सांगितलेली, पण न चुकता, आणि मूल नीट वागलं तर त्याच क्षणी त्याची दखल. आपल्याकडे हे शेवटचंच जड जातं. ‘त्यात कौतुक काय, कर्तव्यच आहे ते!’ शिवाय आजी मागच्या दाराने फोन देणार असेल, तर आधी आजीशी बोलावं.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हेही डोक्यातून काढावं. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने, बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं १९६० मध्ये लिहिलं होतं. त्याचा पुढे नियम झाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा पाणी पिणं, फळ खाणं असल्या साध्या सवयींनाही १८ ते २५४ दिवस लागतील असं दिसलं, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडत नव्हतं. तेव्हा महिनाभर बरं वागलेलं पोर एका रात्री पुन्हा घसरलं, तर ‘सगळं मुसळ केरात’ म्हणायची घाई नको. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं, की या वयात वाकडं पाऊल टाकणाऱ्या बहुतेकांचं ते वागणं त्या वयापुरतंच असतं.

एक गैरसमज मात्र खरोखर धोक्याचा: ‘काही झालेलं नाही, माजलाय.’ किशोरवयातलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसू शकतं. आवडीचा खेळ सुटला, झोप उडाली, मित्र तुटले, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर शिस्तीचा विषय बाजूला ठेवून तज्ज्ञाकडे जावं. कुठे जायचं कळत नसेल तर ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन पालकांनीही केला तरी चालतो.